भिकाऱ्याची झोळी आणि सात बाण : दोन डच पदकांच्या प्रतिकृती

या संचातलं पहिलं पदक घ्यावं ते त्याच्या मागच्या बाजूसाठी. नेदरलँड्सच्या 'ख्योझन' (म्हणजे 'भिकारी') सरदारांच्या १५६६ सालच्या पदकाची ही लंबगोल प्रतिकृती. मागे दोन हात एकमेकांत घट्ट धरलेले आणि सोबत भिकाऱ्याची झोळी. बोटांची पेरं, झोळीचा पट्टा, सगळं इतकं स्वच्छ उठलंय की अंगठा फिरवला तरी कळतं. वर कडीही आहे; मूळ पदकं गळ्यात घालायचीच होती.

५ एप्रिल १५६६ रोजी या सरदारांनी ब्रसेल्समध्ये, राजाच्या वतीने नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या पार्माच्या मार्गारेटकडे अर्ज दिला, धर्मावरून चाललेला छळ थांबवा म्हणून. दरबारातल्या एकाने त्यांना 'भिकारी' म्हणून हिणवलं असं सांगतात. त्यांनी ती शिवीच बिरुदासारखी अंगावर मिरवली.

आता पदक उलटा. समोर कोण, तर तेव्हा नेदरलँड्सवरही राज्य करणारा स्पेनचा राजा दुसरा फिलिप! भोवतीचा मजकूर म्हणतो, आम्ही सर्व बाबतींत राजाशी एकनिष्ठ. वाक्य पुरं होतं ते मागे, अगदी झोळी घ्यावी लागली तरी. हातात हात आहेत, पण राजाला साक्षी ठेवून. मला हे पदक मोलाचं वाटतं ते याचसाठी. म्हणूनच सोबतच्या कार्डावर 'राजाविरुद्धच्या बंडाचं चिन्ह' एवढंच छापलेलं पाहून मी खट्टू झाले. राजाला झुगारणारा ठराव झाला १५८१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. विक्रेत्याने कार्ड बदलायलाच हवं. राजाचा चेहराही सपाट आलाय, दाढी आणि गळपट्टा वेगळे ओळखू येत नाहीत.

दुसऱ्या पदकावर राजा नाहीच. सिंह आहे आणि त्याच्या पंजात बाणांची जुडी. १५७९ च्या उत्रेख्तच्या करारातून जे प्रजासत्ताक उभं राहिलं, त्याच्या सात प्रांतांचे हे सात बाण; प्रतिकृतीत सातही सुटे मोजता येतात. 'एकीने लहान गोष्टी वाढतात' हे लॅटिन ब्रीद त्यांच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावरही असे, आणि त्याच ओळीत टांकसाळीच्या प्रांताचं नाव. एकी हवी, पण आपला प्रांत पुसून नव्हे!

संचात तिसरं पदक हवं होतं असं मनापासून वाटतं. १६७२ मध्ये हेगमध्ये जमावाने डी विट बंधूंना, त्याच प्रजासत्ताकाच्या दोन बड्या पुढाऱ्यांना, ठार मारलं. त्यावरच्या एका पदकाच्या मागे अनेक डोक्यांचं श्वापद दोन देह फाडताना दिसतं. त्या हातांशेजारी ते ठेवलं की जुडी सुटल्यावर काय होतं ते समोर येतं.

दोन्हींच्या कडेवर 'प्रतिकृती' असं कोरलंय, हे फार चांगलं केलं. पंचेचाळीस युरो मला जास्त वाटले नाहीत. एकच घ्यायचं असेल तर झोळीवालं घ्या.