लॉ फर्म की कंपनीतली वकिली?

फर्म सोडून कंपनीच्या कायदा विभागात जावं का, असं एका तरुण मैत्रिणीनं विचारलं.

पैसा: फर्ममध्ये भागीदार झाल्यास कमाई मोठी, कंपनीत पगार ठरलेला, पण अशिलाला बिल लावण्यासाठी कामाचे तास मोजत बसावं लागत नाही.

कामात खरा फरक आहे. फर्ममध्ये एका विषयात खोल जाता येतं, मात्र सल्ला दिला की प्रकरण बहुधा हातातून सुटतं. कंपनीत करार, नोकरभरती, डेटा सगळंच अंगावर येतं, आणि आपल्या सल्ल्याचं पुढं काय झालं तेही दिसतं. मला समाधान तिथंच वाटतं.

स्वातंत्र्यात फर्म सरस. अक्झो नोबेल या रसायन कंपनीच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१० मध्ये, युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीपुरतं, कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचं संरक्षण नाकारलं, कारण असा वकील मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो.

एका विषयात नाव कमवायचं असेल तर फर्म. धंदा आतून समजून घेत वरिष्ठांना वेळेवर ‘थांबा’ म्हणता येत असेल तर कंपनी.