सोसायटीच्या वर्षावृक्षाला बसवलेली केबल आणि रॉड: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगवर छत्री धरून उभा असलेला वर्षावृक्ष इमारतीपेक्षा जुना आहे. खोड पुरुषभर उंचीवर दुभंगतं आणि दोन सारख्याच जाडीचे सोट वर जातात. त्यांच्या बेचक्यात साल आत दबत गेली होती. अशा ठिकाणी लाकडाला लाकूड जुळत नाही, मधे सालीचा थर राहतो. सोट जाड होतात तसे एकमेकांना बाहेर ढकलतात. गेल्या वर्षी तिथे उभी भेग दिसली आणि मीटिंगमध्ये 'तोडा'वाले व 'राहू द्या'वाले असे सरळ दोन तट पडले.

शेवटी झाडांची कामं करणाऱ्या एका माणसाकडून केबल आणि रॉड बसवून घेतले. खर्च तोडण्याच्या कोटेशनच्या जवळपास तेवढाच आला, हे आधीच सांगतो, म्हणजे 'स्वस्तात भागलं' असा गैरसमज नको.

भेगेच्या आरपार आटे पाडलेले दोन रॉड, दोन्ही टोकांना वॉशर आणि नट. वर, बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर, दोन्ही सोटांमधून आरपार बोल्ट घालून त्यांच्यामध्ये गॅल्व्हनाइज्ड स्टीलची केबल. नुसते रॉड पुरत नाहीत. वारा शेंड्याला धरून हलवतो, तो जोर वरच्या वर अडवायला केबल लागते. परदेशात पोकळ विणीचा सिंथेटिक दोरही वापरतात. तो थोडा सैल ठेवतात, म्हणजे झाड नेहमीसारखं डोलतं आणि दोर फक्त मोठ्या झटक्याला आवरतो. पण आमच्याकडे भेग पडून गेली होती, तिथे डोलणं परवडणारं नव्हतं. म्हणून स्टील.

खोडाला भोकं पाडणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. "त्यापेक्षा तारेचा वेढा द्या ना!" मला विचाराल तर या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आरपार भोकाने झालेली जखम छोटी असते. झाड तिच्याभोवती आतून भिंत घालून कूज अडवू शकतं. वेढा मात्र खोड वाढेल तसा काचत जातो आणि सालीखालून मुळांकडे जाणारं अन्नच तोडतो. कुठल्याही रस्त्यावर ट्री-गार्डची जाळी रुतलेलं झाड बघा. अर्थात खोड आतून पोकळ असेल तर भोकंही चालत नाहीत. आमच्याकडे काम करणाऱ्या माणसाने आधी लाकडी हातोड्याने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला.

काम पानगळीत केलं. चेनपुलीने सोट हलकेच जवळ घेऊन केबलचा झोल जाईल इतपतच ताण दिला. पालवी भरल्यावर वजनाने ती आपोआप आणखी ताणली गेली. त्याच्या आधी शेंडा थोडा हलका करून घेतला, त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढली. 1975 च्या राज्याच्या कायद्याखाली ती लागतेच. शिवाय 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, त्यामुळे 'तोडा'वाल्यांची वाट तशीही सोपी नव्हती.

आता निकाल. वळवाच्या वादळात समोरच्या गल्लीतला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. आमच्याकडे काटक्या पडल्या, बेचकं जागेवर राहिलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू मारून ठेवलेत, त्यांच्यातलं अंतर मी पट्टीने मोजतो. पावसाळ्यात ते वाढलेलं नाही. साल वॉशरच्या कडेवर चढायला लागली आहे, हे चांगलं लक्षण. (माळीबुवांना मात्र नटांवर गेरू फासायचाच होता. त्यांना कष्टाने आवरलं.)

न आवडलेलंही सांगतो. केबल लागली की झाड तिच्यावर रेलतं. सोट कमी हलतात म्हणून बेचक्यात स्वतःचं बळकट लाकूड कमी घालतात. म्हणजे हे सुरू केलं की सोडता येत नाही. दर वर्षी कोणीतरी वर चढून बोल्ट, गंज, ताण बघायला हवा, आणि झाड उंच वाढलं की काही वर्षांनी वर नवीन केबल. हा खर्च मीटिंगमध्ये कोणालाच ऐकायचा नसतो. दिवाळीत केबलवरून आकाशकंदिलांची माळ सोडायची सूचनाही आली होती.

मुळं तुटलेली असतील, बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलेलं असेल, तर या भानगडीत पडू नका. केबल दोन सोट एकमेकांना बांधते, झाड जमिनीला बांधत नाही. तो गुलमोहर केबलने वाचला नसता.

काम देताना एक गोष्ट लेखी मागा: कोणत्या उंचीवर काय बसवलं, कोणत्या जाडीचं, कधी, आणि फोटो. आमच्या कंत्राटदाराने नुसतं एका ओळीचं बिल दिलं. पुढच्या तपासणीला दुसरा कोणी आला तर खालून बघून त्याला काय कळणार? तीन फोन केल्यावर व्हॉट्सॅपवर फोटो आले, ते छापून सोसायटीच्या फायलीत लावलेत.