एतिमो डॉट इट: फुकट आहे, पण डोळे उघडे ठेवून वापरा

ओत्तोरिनो पियानिजानी यांचा १९०७ सालचा इटालियन व्युत्पत्तिकोश या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. नाम एकवचनी आणि क्रियापद मूळ रूपात टाका. नोंद छापील मजकुराच्या चित्राच्या रूपात उघडते. कॉपी करायची सोय नाही, हा मोठा वैताग.

उदाहरणार्थ, इटालियन 'फेगातो' म्हणजे यकृत. लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर'. अंजीर चारून पोसलेल्या प्राण्याचं ते 'येकुर फिकातुम'. पुढे नाम गळालं, अंजिराचं विशेषण 'फिकातुम' तेवढं उरलं, त्याचंच 'फेगातो' झालं! असे सरळ धागे शोधायला कोश पुरेसा.

वादग्रस्त शब्दांत मात्र याच्यावर विसंबू नका. शतकभरात संशोधन बरंच पुढे गेलंय. तिथे, आणि शब्दाची पहिली लेखी नोंद हवी असल्यास, कोर्तेलात्सो आणि झोल्ली यांचा पाच खंडी इटालियन व्युत्पत्तिकोशच गाठा.