पौर्णिमा-अमावास्येला नुसती सुट्टी की ध्यान?
मैसूरचे योगगुरू पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांच्या अष्टांग विन्यास योगपरंपरेत पौर्णिमा-अमावास्येला आसनं बंद. चांद्रमास साधारण २९.५ दिवसांचा, म्हणजे महिन्याला अशा दोनेक सुट्ट्या. रोज घाम गाळणाऱ्याच्या गुडघ्या-खांद्यांना त्या हव्यातच, नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच! चंद्रामुळे आसनं टाळावीत हे कारण मला पटत नाही, विश्रांती पटते.

दुसरा पर्याय: आसनं नकोत, पण ध्यानाची बैठक मोडू नये. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं, ध्यान सातवं. आपण बहुतेक जण तिसऱ्यावरच मुक्काम ठोकतो. बौद्ध परंपरेत तर पौर्णिमा-अमावास्या हे उपोसथाचे, साधनेचेच दिवस. दीक्षाभूमीच्या शहराला हे वेगळं सांगायला नको. माझा कौल यालाच. पहाटे अंबाझरी तलावाच्या काठी वीस मिनिटं शांत बसा. अंग फारच ठणकत असेल तर मात्र खुशाल झोपा.