मुलींचा मजला ९ वाजता बंद का? बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या रीडिंग रूमबद्दल

आठ महिने झाले इथे येतेय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. मी ४१ वर्षांची, दोन मुलं, एमए बाहेरून करतेय, आणि माझी भाची जीपीएससीची (गुजरातची एमपीएससी म्हणा) तयारी करतेय, दोघी एकाच अ‍ॅक्टिव्हावर येतो. घरी दोनच खोल्या, सासूबाईंची सिरियल, मुलांचा होमवर्क, मी पुस्तक उघडलं की कुणाला ना कुणाला चहा हवाच असतो.

आधी चांगलं सांगते. खालचा मजला फक्त मुली-बायकांचा, महिन्याचे ७०० रुपये, प्रत्येक टेबलाला वेगळा दिवा आणि चार्जिंग पॉइंट, खुर्च्या बऱ्या आहेत, एसी फक्त दुपारी. पण मला सगळ्यात जास्त कौतुक बाथरूमचं आहे. हसू नका. आधी जिथे जायचो तिथे सगळ्यांना मिळून एकच होतं आणि कडी तुटलेली, एकीने आत जायचं तर दुसरीने दार धरून बाहेर उभं राहायचं, भाची तर त्या भीतीने दिवसभर पाणीच प्यायची नाही आणि संध्याकाळी डोकं धरून घरी यायची. इथे कडी लागते, पाणी येतं, झाकणाचा डबा आहे, कपाटात पॅड ठेवलेले असतात. सहा सहा तास बसणाऱ्या मुलीचा अभ्यास यावर ठरतो हो, टॉपरच्या नोट्सवर नाही.

आता तक्रार. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर खाली 'वडील / पती यांची सही' असा रकाना आहे आणि तो फक्त मुलींच्या फॉर्मवर आहे, वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या फॉर्मवर नाहीच, मी स्वतः बघितलाय. मी काउंटरवरच्या काकांना म्हटलं, काका, माझ्या मुलांच्या शाळेत पालक म्हणून मीच सही करते, मग इथे माझ्यासाठी माझी सही का चालत नाही? म्हणाले, ताई, सेफ्टीसाठी आहे. मग पेनाने रकाना खोडून दिला. मला वाटलं विषय संपला. पण मागच्या महिन्यात एक मुलगी आली, तिला वडील नाहीत, आईची सही घेऊन आली तर तिला आधी परतच पाठवलं, दुसऱ्या दिवशी आई स्वतः कामावरून रजा टाकून आली तेव्हा कुठे घेतलं. एक दिवस त्या माउलीची मजुरी बुडली. याच बडोद्यात १९४९ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कुलगुरू हंसा मेहता होत्या, ज्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 'ऑल मेन' काढून 'ऑल ह्युमन बीइंग्ज' करायला लावलं, दोन शब्दांसाठी त्या तिथे अडून बसल्या, आणि आपल्याला एक रकाना बदलून फॉर्म नव्याने छापता येत नाही?

दुसरं म्हणजे वेळ. वर मुलांना २४ तास, खाली आम्हाला रात्री ९ ला शटर, फी मात्र दोघांना सारखीच. काका म्हणतात घरचे ओरडतात. ओरडत असतील, माझ्याही घरी ओरडायचे, पण ते माझं मी बघीन ना. मला इथे नेहमी पणजीची आठवण येते, ती चार यत्ता शिकली कारण मुलीला शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड होईल अशी भीती होती, सयाजीराव महाराजांची सक्ती. १९०६ ला सगळ्या बडोदा संस्थानात लागू झाली, त्याआधी १८९३ ला अमरेलीत करून बघितली होती. पण त्या अमरेलीच्या नियमातही मुलांना वय ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० च, म्हणजे दोन वर्षं आधी सुट्टी. महाराजांबद्दल मनात फक्त आदर आहे, त्या काळात तेवढं करणंसुद्धा फार मोठं होतं, इथून पायी जाता येईल अशा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीसाठी त्यांनी १९१० ला अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डेन साहेबांना बोलावून घेतलं होतं. पण सव्वाशे वर्षांनंतरही मुलींची घंटा आधीच का वाजते?

दिवाळीनंतर आम्ही १४ जणींनी सह्या करून अर्ज दिला. आधी नाहीच म्हणाले, मग परीक्षेपुरतं साडेदहा केलं, गेटवर एक मावशी ठेवल्या आणि बाहेरचा बंद पडलेला दिवा बदलला. त्या दिवसापासून साडेनऊला निम्म्याहून जास्त खुर्च्या भरलेल्या असतात, कुणाच्या घरचं कुणी ओरडत आलेलं नाही.

नवीन येणार असाल तर खिडकीजवळची जागा मागा, पंख्याचा आवाज कमी येतो. स्कूटर गल्लीत लावू नका, उचलून नेतात. आणि फॉर्म भरताना तो रकाना रिकामा सोडा, काका काही बोलले तर सांगा आधीच्या ताईंचा खोडून दिला होता. सध्या ३ स्टार देतेय, परीक्षा झाल्यावरही साडेदहा टिकलं तर येऊन ४ करते.