निळं प्लास्टिक आणि आठवा दिवस

बारा वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरतेय, म्हणून हे लिहायला जास्तच लाज वाटते. लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड मेलं, तात्पुरती सोय म्हणून यूएसबी अडॅप्टर मागवला. डबीवर एसी १३०० (म्हणजे साधारण १३०० एमबीपीएस वेग), ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), यूएसबी ३.०, कोपऱ्यात लिनक्सचं चिन्ह, पेंग्विन. लावला तर लगेच चालू! मी खूश. पण ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसेना आणि लिंक स्पीड ७२ एमबीपीएसच्या वर सरकेना.

विकणाऱ्याला विचारलं. "मॅडम, ड्रायव्हर चुकीचा आहे, ८८१२एयूचा टाका." ८८१२एयू म्हणजे एक वायफाय चिप. टाकला. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स आणले, डीकेएमएस या साधनाने ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलं, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सुरक्षा) ते घेईना म्हणून सिक्युअर बूटच बंद केलं. (याचा राग सगळ्यात जास्त आहे.) मॉड्यूल लोड झालं, पण अडॅप्टरला त्याचं सोयरसुतक नाही. मग "कर्नल बदलून बघा". मग "टीम बघतेय, दोन दिवस थांबा". परत करायची मुदत ७ दिवस. आठव्या दिवशी उत्तरं बंद.

त्या रात्री एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांचे आयडी दाखवणारी कमांड चालवली. १४८एफ:७६०१. म्हणजे आत एमटी७६०१यू चिप: फक्त २.४ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त १५० एमबीपीएस. याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१५पासून, ४.२पासून आहे, म्हणून तर लगेच चालला! दहा सेकंदांचं काम मी आठ दिवस केलं नाही. का? लिनक्सवर वायफाय अडलं की आपण आधी स्वतःलाच दोष देतो. तो विकणारा नेमका याच सवयीवर जगतो. ड्रायव्हरचं निमित्त म्हणजे मुदत संपवायची युक्ती, दुसरं काही नाही.

आणि डोळ्यांसमोर काय होतं? प्लगचं प्लास्टिक निळं, पण आत पट्ट्या चारच. यूएसबी ३ला नऊ लागतात. मागच्या पाच नव्हत्याच, नुसता रंग दिलेला. चार पट्ट्यांवर ४८० एमबीपीएसच्या पुढे काही जात नाही, १३०० कुठून जाणार? मी तो प्लग रोज हातात धरत होते हो!

तक्रार केली. पहिलं उत्तर, "लिनक्सला सपोर्ट नाही." पेंग्विनचा फोटो पाठवला. दुसरं, डबी उघडतानाचा व्हिडिओ द्या. कोण काढतं? तिसऱ्यात डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट मागितला. विंडोजचा! लिनक्सवर तो नसतो म्हटलं, एलएसयूएसबीचं आउटपुट जोडलं, तर चौथ्यात पुन्हा तोच स्क्रीनशॉट. वरच्या अधिकाऱ्याकडे गेले, तिथून पाचवं: "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." कुणी केलं, कधी केलं?

घेताना चिपचं नाव विचारा, सांगत नसेल तर घेऊ नका. हाती आल्या आल्या आयडी बघा आणि 'आयडब्ल्यू लिस्ट' या कमांडच्या यादीत बँड २, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, आहे का ते पाहा. नसेल तर ड्रायव्हरच्या नादी न लागता त्याच दिवशी परत पाठवा. एसी १३०० खरा असला तरी तो दोन बँडांचा मिळून ४०० अधिक ८६७चा हिशेब असतो, एका वेळी तेवढं मिळत नाही. कुणीही सांगितलं म्हणून सिक्युअर बूट बंद करू नका.

माझं मी परत चालू केलंय. अडॅप्टर अजून ७२वरच आहे, हेही त्याच्यावरूनच पाठवतेय.