मॅग्नेटिक मायक्रोकॅलरीमीटर: चार महिने वापरल्यानंतरचा अभिप्राय

पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षे जर्मेनियम डिटेक्टर, म्हणजे क्ष-किरणांची ऊर्जा मोजणारे नेहमीचे उपकरण, हाताळला आहे. गेल्या वर्षी युरोपातील एका प्रयोगशाळेत मॅग्नेटिक मायक्रोकॅलरीमीटरवर, म्हणजे तीच ऊर्जा अतिशय थंड संवेदकातील उष्णतेवरून मोजणाऱ्या उपकरणावर, चार महिने काम करण्याची संधी मिळाली. जड आयनांच्या (इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या जड अणूंच्या) क्ष-किरणांवर पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी या उपकरणाविषयी वारंवार विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आधी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. अमेरिशियम-२४१ चा स्रोत समोर ठेवला की त्याच्या ऱ्हासातून उत्पन्न होणाऱ्या नेप्च्युनियमच्या दोन एल-अल्फा रेषा (ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांची वर्णपटातील शिखरे) मिळतात, एक १३.७६ आणि दुसरी १३.९५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेची. आमच्या जर्मेनियमवर पहिली रेषा दुसरीच्या डाव्या उतारावरचा नुसता फुगवटा म्हणून दिसते आणि तो फुगवटा खरा मानावा की नाही, यावर दर वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला वाद होतो. येथे त्याच दोन रेषा सुट्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधील जागा जवळजवळ तळापर्यंत उतरलेली होती. तो पडदा मी बराच वेळ पाहत राहिलो.

या फरकाचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. जर्मेनियममध्ये क्ष-किरणाने मोकळ्या केलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोड्या (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) मोजल्या जातात. एका जोडीला सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि जोड्यांच्या संख्येतील अटळ चढउतारामुळे रेषा रुंदावते. कॅलरीमीटरमध्ये मात्र सोन्याच्या इवल्या तुकड्यात क्ष-किरण मुरतो, तो तुकडा किंचित तापतो, त्याला जोडलेल्या अर्बियममिश्रित संवेदकाचे चुंबकत्व त्या उष्णतेने घटते आणि ती घट स्क्विड, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय बदल मोजणारा अतिवाहक संवेदक, टिपतो. हे सारे निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या २० मिलिकेल्विनच्या आसपास घडत असल्यामुळे एका फोटॉनची ऊबही मोजता येते.

वेगवान आयन ज्यांत फिरत ठेवतात त्या साठवण वलयांवर या उपकरणाची खरी गरज आहे. युरेनियमच्या अणुकेंद्राजवळ फिरणाऱ्या एकुलत्या इलेक्ट्रॉनला प्रचंड विद्युतक्षेत्र सोसावे लागते आणि तेथे क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सची, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या परस्परक्रियेच्या सिद्धांताची, कसोटी लागते. त्या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळीत पडणाऱ्या छोट्या फरकाला लॅम्ब शिफ्ट म्हणतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथील जीएसआय संस्थेच्या ईएसआर वलयावर जर्मेनियम डिटेक्टर वापरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात हा लॅम्ब शिफ्ट ४६०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आला, पण त्यात ४.६ ची अनिश्चितता उरली. त्याच संस्थेच्या क्रायरिंग वलयावर अलीकडे दोन इलेक्ट्रॉन असलेल्या युरेनियमचे मोजमाप मॅक्स-१०० या कॅलरीमीटरने झाले, तेव्हा १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ रेषेची रुंदी ९० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी भरली. जर्मेनियमवर ती सुमारे ५०० असते. दोन डिटेक्टर आयनांच्या वाटेच्या पुढे आणि मागे, म्हणजे ० आणि १८० अंशांवर बसवले होते. ही मांडणी मला फार आवडते, कारण दोन्ही बाजूंना मिळालेल्या ऊर्जांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की आयनांचा वेग गणितातून निघूनच जातो आणि डॉप्लर परिणामाची, म्हणजे आयनांच्या वेगामुळे मोजलेली ऊर्जा बदलण्याची, मोठी डोकेदुखी संपते.

आता उणिवा. मॅक्स-१०० मध्ये ६४ पिक्सेल मिळून क्षेत्रफळ जेमतेम १ चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे मोजणी सावकाश होते आणि प्रयोगाचा वेळ पुरवून वापरावा लागतो. त्याहून मोठा त्रास तापमानाच्या सरकण्याचा आहे. क्रायोस्टॅटचे (संवेदक थंड ठेवणाऱ्या पात्राचे) तापमान किंचित ढळले की प्रत्येक क्ष-किरणामागे मिळणाऱ्या स्पंदाची उंची बदलते आणि प्रत्येक स्पंदामागील मूळ पातळी पाहून दुरुस्ती करावी लागते. शीतकयंत्राच्या ठोक्यांचे कंपनही संकेतात मिसळते. माझ्या चार महिन्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळ या दुरुस्त्यांत आणि कॅलिब्रेशनमध्ये (ज्ञात ऊर्जेच्या रेषांवरून मोजपट्टी ठरवण्यात) गेला, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याने आधीच गृहीत धरावी.

जर्मेनियम डिटेक्टर थंड ठेवायला लागणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनची वाट मात्र तेथे पाहावी लागली नाही, आणि याचे मोल पुण्यात काम केलेल्याला लगेच कळेल. एका वर्षी विसर्जनाच्या सुमारास रस्ते बंद होते, पुरवठादाराची गाडी तीन दिवस आलीच नाही, डेवार (नायट्रोजनचे उष्णतारोधक पात्र) कोरडा पडला आणि आमचा जर्मेनियम डिटेक्टर खोलीच्या तापमानाला येऊन आठवड्याचे काम वाया गेले. तेथील शीतकयंत्र विजेवर अखंड चालत असे. पण खोलीच्या तापमानापासून मिलिकेल्विनपर्यंत उतरायला दिवस लागतात, त्यामुळे वीज गेली तर नुकसान तितकेच मोठे.

रोजच्या अध्यापनासाठी, पर्यावरणातील नमुन्यांसाठी किंवा झटपट मोजणीसाठी मी हे उपकरण सुचवणार नाही; तेथे जर्मेनियमच योग्य. ज्याला दोन जवळच्या रेषा वेगळ्या पाहायच्या आहेत आणि त्यांची ऊर्जा शेवटच्या इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत भांडून मिळवायची आहे, त्याने मात्र संधी मिळताच यावर काम करावे. जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयातील डिटेक्टरवर अमेरिशियमचा वर्णपट स्वतः घेऊन, त्यातील तो फुगवटा दोन रेषांत सोडवून पाहावा आणि तो कागद सोबत न्यावा.